डोंगरातली पायऱ्यांची शेतं आणि ‘या अहो’

माचू पिचू समुद्रसपाटीपासून सुमारे चोवीसशे मीटर उंचावर आहे. हा आकडा मला पाठ आहे, कारण डॉक्टरांनी आमच्या हिला घालून दिलेली मर्यादा दोन हजार मीटरची होती. चारशे मीटरचाच तर फरक, काहीतरी सवलत निघेल, अशा आशेने मी त्यांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, तिथे जायला आधी कुस्कोला उतरावं लागतं आणि कुस्को चौतीसशेच्या आसपास आहे. हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नसावं, एवढीच माझी आशा होती.

त्याआधीच्या हिवाळ्यात हिला न्यूमोनिया झाला होता. बरी झाली, पण फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात थोडा डाग राहिला. डॉक्टरांचं म्हणणं असं की चाला, चढा, भरपूर श्वास घ्या, सगळं करा, फक्त विरळ हवेत जाऊ नका. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून पेरूला जायचं ठरलेलं होतं. ते रद्द झालं. हिने प्रवासाचं जाडजूड पुस्तक टीव्हीखालच्या कपाटात ढकललं आणि भाजी फोडणीला टाकायला गेली. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

पेरूतल्या इंका लोकांच्या शेतांशी हिचं नातं जुनं आहे. ही सोलापूरची. तिकडे जमीन अशी सपाट की सायकलला ब्रेक नसला तरी चालतं. लहानपणी आईबरोबर शिंप्याकडे गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिने एक चित्र पाहिलं: ढगात बुडालेला डोंगर आणि त्याच्यावर खालपासून वरपर्यंत कोरलेल्या हिरव्या पायऱ्या. एवढ्या मोठ्या पायऱ्यांवरून कोण चढत असेल, असं हिने शिंप्याला विचारलं. शिंपी म्हणाला, राक्षस. पुढे कुठल्या तरी इयत्तेत कळलं की त्या पायऱ्या नाहीत, शेतं आहेत. तेव्हा राक्षसापेक्षाही जास्त नवल वाटलं, असं ही सांगते. त्या नवलापायीच ही भूगोलाकडे वळली असं माझं मत आहे. हिचं मत वेगळं आहे. हिला गणितात कमी मार्क होते.

आता ही अबू धाबीतल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवते. डोंगरउतारावरच्या शेतीचा धडा दर वर्षी हिच्याकडेच. फळ्यावर ही त्या शेताचा उभा छेद काढते: पुढे किंचित आत झुकलेली दगडी भिंत, तिच्यामागे मोठे दगड, मग लहान, मग खडी आणि वाळू, वर माती. वरच्या शेताचं जास्तीचं पाणी झिरपत खालच्याला कसं मिळतं, हे निळ्या खडूच्या बाणांनी दाखवते. मी पेशाने क्वांटिटी सर्व्हेअर. एखाद्या बांधकामाला किती सिमेंट, किती खडी, किती विटा लागतील हे काढून देणं माझं काम. ऑफिसात रोज ड्रॉइंग बघतो. हिच्या छेदाइतकं स्वच्छ ड्रॉइंग क्वचित बघायला मिळतं.

तर पेरू रद्द झाल्यावर काही आठवड्यांनी हिने सहज सांगितल्यासारखं सांगितलं की तो धडा या वर्षी नव्या शिक्षिकेला दिला. मी कारण विचारलं.

“जे मी पाहिलं नाही आणि आता पाहणारही नाही,” ही म्हणाली, “ते किती वर्षं हातवारे करून सांगू?”

हिच्यात दुसरा काही बदल दिसत नव्हता. शाळा, स्वयंपाक, महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाची धावपळ, सगळं चालू होतं. फक्त कुठलीही गोष्ट सुचवली की उत्तर ठरलेलं: राहू दे. समुद्रकाठी कॉर्निशवर चक्कर मारू या? राहू दे. नवीन पडदे? राहू दे. पंचवीस वर्षं ज्या बाईने मला प्रत्येक गोष्टीत ‘किती?’ आणि ‘कशावरून?’ विचारून सळो की पळो केलं, ती आता काहीच विचारत नव्हती. घर अगदी शांत झालं होतं. मला ते अजिबात आवडत नव्हतं.

तोडगा मुलीने काढला. ती इथेच वाढली, इथेच कॉलेजात शिकते. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मित्रमैत्रिणींबरोबर ती डोंगर चढायला जाते. ती मला म्हणाली, “बाबा, रास अल खैमाला डोंगरात टेरेसेस आहेत. लाइक, रिअली ओल्ड वन्स. नोबडी फार्म्स देअर एनीमोअर.” फोनवर फोटो दाखवले. तपकिरी डोंगर, त्यावर दगडी भिंतींच्या ओळी, मध्येमध्ये पडकी घरं. मी पहिल्यांदा उंची विचारली. हजार मीटरच्या आत.

रात्रीच्या जेवणात मी विषय काढला. हिने पोळीचा घास तोडला आणि म्हणाली, “पुरणपोळी मिळत नाही म्हणून गुळाची पोळी वाढताय होय?”

“गुळाची पोळी वाईट असते असं कोण म्हणतं?”

“वाईट नसते. पण ती पुरणाची म्हणून वाढायची नसते.”

मी आणखी एक पोळी मागून घेतली. पण दोन दिवसांनी हिनेच विचारलं की मुलगी इतकं म्हणते आहे तर जाऊ या का, सोलापूरहून आलेल्या कडक भाकऱ्या कधीच्या पडून आहेत, त्या तरी डोंगरात संपतील. अटी दोन होत्या. एक, ही खाली बसेल, वर चढणार नाही. दोन, दिवसभरात कुणी ‘इंका’ हा शब्द काढायचा नाही.

“द आय-वर्ड,” मुलगी म्हणाली. “गॉट इट.”

जानेवारीतला शनिवार होता. आम्ही पहाटे निघालो. दुबई मागे पडली, शारजा मागे पडलं, आणि रास अल खैमाच्या पुढे डोंगर एकदम अंगावर आले. शेवटचा तुकडा खडीचा रस्ता होता, कोरड्या ओढ्याच्या पात्रातून जाणारा. मुलगी गाडी चालवत होती आणि मी प्रत्येक मोठ्या दगडाची सूचना देत होतो. ती म्हणाली, “बाबा, मला दिसतायत दगड.” ती मराठीत बोलली म्हणजे चिडली आहे हे मला कळतं. मी खिडकीतून डोंगर बघायला लागलो.

रस्ता संपतो तिथे एक बोरीचं झाड आहे. इकडे तिला सिद्र म्हणतात, पण बोरच ती. पाडाला लागलेली बोरंही होती. समोर डोंगर, आणि डोंगरावर शेतं. हिरवं जवळपास काही नाही. दगडाच्या भिंती आणि त्यांच्यामागे सपाट, वाळलेली, मातकट पट्टी. अशा पट्ट्या एकावर एक, वर आणखी वर. अगदी टोकाला दोन-तीन दगडी घरं, छपरं अर्धी गेलेली.

हिने एकदा मान वर करून पाहिलं. “बांध आहेत नुसते,” म्हणाली, आणि बोरीखाली सतरंजी टाकून डोंगराकडे पाठ करून बसली. पाठ करून बसायचं काही कारण नव्हतं. ऊन तिकडून येत नव्हतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी मुलीकडे.

मी म्हटलं, उतार किती आहे ते जरा बघून येतो. ही म्हणाली, “या जाऊन. चहा काढून ठेवते.”

वर जायला बाजूने पायवाट आहे, शेतांच्या कडेकडेने वळत जाणारी. फोनवर कोन मोजता येतो. डोंगराचा उतार अठ्ठावीस अंशांच्या आसपास भरला. एवढ्या उतारावर माती टिकत नाही, पहिल्याच पावसात खाली येते. पण भिंतींच्या आतली शेतं जवळजवळ लेव्हलमध्ये होती. भिंती कुठे सव्वा मीटर, कुठे दीड. चुना नाही, माती नाही, नुसते दगड एकमेकांत अडकवलेले. मी सवयीने एका भिंतीचं माप घेतलं, किती घनमीटर दगड लागला असेल ते काढलं, मग त्याला अशा भिंतींनी गुणायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. उत्तर फार मोठं येत होतं आणि क्रेन नव्हती. मला मनापासून आनंद झाला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आमचं एका गोदामाचं काम चालू आहे. तिथली कंपाउंडची भिंत दोनदा तडकली आहे.

मी एका शेताच्या काठावर उभा राहून हे सगळं बघत होतो, तेव्हा खालून हिची हाक आली. “अहो, चहा गार होतोय.” पुन्हा आली. डोंगरात आवाज घुमतो, त्यामुळे ‘अहो’ दोन-तीनदा ऐकू आलं.

मधल्या वेळात खाली काय झालं ते मला नंतर समजलं. एक पिकअप येऊन थांबली. तिच्यातून पांढरा कंदुरा, म्हणजे इकडचा पायघोळ झगा घातलेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ उतरले. ही शेतं त्यांच्या आजोबांची. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते शहरातून दर शनिवारी इथे येतात, चार शेळ्यांना चारा घालतात आणि पाऊस झालाच तर एका शेतात हौसेने सातू पेरतात. इकडच्या जुन्या पिढीला येतं तसं त्यांना हिंदी छान येतं. त्यांनी विचारलं, वर कोण आहे? मुलगी म्हणाली, माझे वडील. तेवढ्यात हिने पुन्हा हाक मारली आणि गृहस्थांनी मान डोलावली. वडिलांचं नाव त्यांना कळलं होतं. मुलीच्या लक्षात आलं, पण तिने दुरुस्ती केली नाही. तिला ते फारच भारी वाटलं म्हणे.

मग त्यांनी वर पाहिलं आणि मी कुठे उभा आहे ते त्यांना दिसलं. मागच्या पावसात त्या भिंतीमागची माती आतून वाहून गेली होती. भिंत दिसायला धड, आतून पोकळ. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मला नावाने हाक मारली. अरबीत हाक मारताना नावाआधी ‘या’ लावतात.

“या अहो! या अहो!”

त्यापुढे ते ‘थांब’ अशा अर्थाचं काहीतरी अरबीत म्हणत होते, पण ते वाऱ्यात विरलं. माझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच: या, अहो. इतकी वर्षं आखातात काढल्यावर अरबी ‘या’ मला माहीत नाही असं नाही. ‘या हबीबी’ दिवसातून दहादा कानावर पडतं. पण मागे ‘अहो’ असल्यावर माणसाचा कान मराठीच होतो. मला वाटलं, मंडळातलंच कुणी कुटुंब आलेलं दिसतंय, चहाला आदराने बोलावतायत. मी हात वर केला, “आलो, आलो,” म्हणालो आणि वेळ वाचावा म्हणून पायवाट सोडून थेट काठाने निघालो.

गृहस्थ आणखी जोरात “या अहो” म्हणाले आणि दोन्ही हात हलवू लागले. त्यांच्या आपुलकीने मी भारावून गेलो. पावलं भराभर उचलली.

पुढचं पाऊल भिंतीवर पडलं आणि भिंत गेली. आवाज मोठा झाला, पण प्रकार फार वाईट नव्हता. मी दगडांबरोबर घसरत खालच्या शेतात आलो आणि मऊ मातीत बसलो. चांगला मांडी घालून बसलो. टोपी डोक्यावरच होती. कोपराला खरचटलं होतं. धूळ खाली बसल्यावर पाहिलं तर खाली मुलगी माझा फोटो काढत होती. आधी फोटो, मग बाप.

आणि सतरंजी रिकामी होती.

ही वर येत होती. पायवाटेने, ओढणी कमरेला खोचून, मध्ये कुठे न थांबता. वर चढणार नाही म्हणून अट घातलेली बाई. मी ओरडून सांगितलं, काही झालं नाही, सावकाश ये. हिने लक्ष दिलं नाही. माझ्याजवळ आली तेव्हा धाप लागलेली होती, पण बोलता येत होतं.

“हात हलवा. आता पाय. हसताय काय?”

मी काय झालं ते सांगायला लागलो. मराठी माणूस आला आहे का, कोण बोलावत होतं, भिंतीचा दोष कसा होता. थोड्या वेळाने लक्षात आलं की ही ऐकत नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

“अहो, सरका.”

“मला काही—”

“बाजूला सरका, मध्ये येताय तुम्ही.”

मी सरकलो. माझ्यामागे भिंतीला खिंडार पडलं होतं, दीडेक मीटर रुंद, आणि दोन्ही बाजूंनी शेत उभं कापल्यासारखं उघडं झालं होतं. पुढे भिंतीचे मोठे दगड. त्यांच्यामागे मुठीएवढे. त्यामागे खडी. मग माती, वरच्या बाजूला बारीक, वाळलेल्या मुळ्यांची. ही गुडघ्यांवर बसली आणि फळ्यावर काढते त्या क्रमाने एकेका थरावर बोट ठेवत गेली.

“मोठे. लहान. खडी. वाळूचा थर नाही, तो इथे नाही. मग माती. बघा, पाणी इथून जायचं. इंकांनी पण असंच—” आणि थांबली.

मुलगी तोवर वर पोचली होती. “आई,” ती म्हणाली, “यू सेड इट.”

“मी म्हटलं तर चालतं,” ही म्हणाली.

मागोमाग गृहस्थ आले. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती आणि चेहऱ्यावर कोडं. “मिस्टर अहो,” ते मला म्हणाले, “मैं बोला रुको, तुम दौड़ के आता है?”

मी म्हटलं, तुम्हीच ‘या’ म्हणालात. ते म्हणाले, हो, म्हणालो, या अहो. मी म्हटलं, तेच तर. आमच्या भाषेत ‘या’ म्हणजे ‘आइए’. हे ऐकल्यावर हिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ही हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. खिंडाराच्या दगडावर बसून डोळे पुसत ही हसत होती आणि गृहस्थ घाबरून “सिस्टर, पानी, पानी,” म्हणत होते. कितीतरी महिन्यांनी मी ते हसणं ऐकत होतो. झोंबणारं कोपर मी विसरून गेलो.

मुलीने त्यांना समजावलं की अहो हे वडिलांचं नाव नाही, आमच्यात बायका नवऱ्याला अशी हाक मारतात. त्यांनी विचार केला. “हर औरत?”

“ऑलमोस्ट,” मुलगी म्हणाली.

“सब हस्बंड का एक ही नाम?” मग त्यांनाही हसू आलं. म्हणाले, यात नवल नाही, माझी बायकोसुद्धा माझं नाव घेत नाही. थोरल्या मुलाचं नाव घेते आणि त्याचा बाप म्हणून हाक मारते. चाळीस वर्षं झाली, आता माझं नाव तिला आठवत असेल की नाही, शंका आहे. एवढं सगळं कळल्यावरही संध्याकाळपर्यंत ते मला मिस्टर अहोच म्हणत राहिले.

मी म्हटलं, भिंत मी पाडली, मी लावून देतो. ते म्हणाले, खलास, सोडा, पुढच्या आठवड्यात बघू इन्शाल्ला. पण पाडलेलं काम तसंच टाकून जाणं माझ्याने होत नाही. मी बाह्या सरसावल्या. मग ते आले, मुलगी आली. मोठे दगड मी आणि गृहस्थांनी उचलायचे, मागचं भरायचं काम हिने स्वतःकडे घेतलं. मुठीएवढे दगड वेगळे, खडी वेगळी, आणि मुलीने खडीत मातीचं ढेकूळ टाकलं की लगेच काढून परत द्यायची. वर्गात कशी शिकवत असेल ते मला तेव्हा दिसलं.

एका गोष्टीवरून हिचा आणि गृहस्थांचा वाद झाला. हिचं म्हणणं, भिंत मुद्दाम आत झुकवलेली असते, मातीचा रेटा सोसायला. त्यांचं म्हणणं, मुद्दाम वगैरे काही नाही, आजोबा असंच रचायचे. ही म्हणाली, मग आजोबांनी मुद्दामच रचली. ते म्हणाले, आजोबांना विचारायला पाहिजे होतं, पण तेव्हा मी लहान होतो आणि मला फुटबॉलमध्ये रस होता.

मग ही माझ्याकडे वळली. “किती झुकली आहे?”

मी फोन न पडलेल्या भागाला टेकवला. “सात अंश.”

“कशावरून? पुन्हा मोजा. दुसरीकडे मोजा.”

मी दुसरीकडे मोजलं. मग तिसरीकडे. साडेसहा, मग सात. हिने मान डोलावली आणि म्हणाली, “तुम्ही लावताय ती सरळ झाली आहे. काढा.” मी काढली आणि पुन्हा लावली. इतक्या आनंदाने मी आजवर कुठलंही काम पुन्हा केलेलं नाही.

भिंत झाल्यावर, वरची घरं दाखवतो, असं गृहस्थ म्हणाले. मी हिच्याकडे पाहिलं. ही आधीच निघाली होती. मध्ये दोनदा बसली, पाणी प्यायली, पुन्हा उठली. वर पोचल्यावर मी उंची पाहिली: आठशे चाळीस मीटर. डॉक्टरांच्या मर्यादेला अजून अकराशे साठ शिल्लक होते आणि ते मी हिला सांगितलं.

तिथल्या एका घराचं छप्पर शाबूत होतं. घर निम्मं जमिनीत, दार इतकं बुटकं की बसून आत जावं लागतं. पूर्वी धान्य आत ठेवून, दाराला कुलूप घालून लोक उन्हाळ्यात खाली समुद्रकाठी जात. आत अंधारात मातीचा एक थोरला रांजण होता. ही वाकून आत गेली, रांजणाभोवती फिरली, मग दाराकडे बघितलं, पुन्हा रांजणाकडे.

“अहो, दार मोजा.”

दार पंचावन्न सेंटिमीटर. रांजणाचं पोट पाऊण मीटरच्या वर. तिरका केला तरी जाणार नाही.

“आत आणला कसा?”

गृहस्थ याच प्रश्नाची वाट बघत असावेत. म्हणाले, आणला नाहीच. रांजण आधी ठेवला, घर मागून बांधलं.

हिने रांजणाच्या पोटावर हात फिरवला. “म्हणजे आधी डबा,” म्हणाली, “आणि मग त्याच्याभोवती स्वयंपाकघर.” आणि पुन्हा हसायला लागली. मी हे हिंदीत सांगितल्यावर गृहस्थही हसले. म्हणाले, घरात सगळ्यात महत्त्वाचं जे असतं ते आधी ठेवायचं.

जेवण बोरीखाली झालं. त्यांनी खजूर आणि थर्मासमधला गावा, म्हणजे वेलदोडा घातलेली फिकी कॉफी दिली. आम्ही कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. भाकरी हातात घेऊन त्यांनी तिच्यावर टिचकी मारली, उलटी केली आणि विचारलं की हीसुद्धा भिंतीसाठी आहे का. पण चटणी त्यांनी तीनदा घेतली. उरलेली बाटली हिने त्यांच्या बायकोसाठी दिली. एक गोष्ट मी मनात टिपून ठेवली: या वेळी ही डोंगराकडे तोंड करून बसली होती.

परतीच्या वाटेवर मुलगी गाणी लावून गाडी चालवत होती. ही मागे वळून डोंगर बघत होती. तपकिरी डोंगर संपून वाळू सुरू झाली तेव्हा म्हणाली, “ती शेती इंकांची नव्हती.”

मी म्हटलं, नव्हती.

“तिला इंकांच्यासारखी म्हणायचं नाही. वाळूचा थर नाही, पाण्याची सोय वेगळी, धान्य वेगळं. ती त्यांच्या आजोबांची आहे.” मग म्हणाली, “गुळाची पोळी चांगली झाली होती.”

सोमवारी हिने नव्या शिक्षिकेकडून तो धडा परत मागून घेतला. त्या बिचारीला सुटल्यासारखं झालं. तिला तो छेद काढता येत नव्हता. या वेळी हिने फळ्यावरच्या छेदाशेजारी पडद्यावर फोटो लावले. एक पेरूचा, पुस्तकातला. एक रास अल खैमाचा, मुलीने काढलेला: ताजं खिंडार, उघडे पडलेले थर, आणि समोर मातीत मांडी घालून टोपीसकट बसलेला मी.

संध्याकाळी कांदे चिरता चिरता हिने हे सांगितलं. मी म्हटलं, मला काढून टाकायचंस ना फोटोतून. ही म्हणाली, वा, असं कसं, भिंत किती उंच ते मुलांना कळायला फोटोत काहीतरी माहितीचं माप लागतं. एका मुलाने विचारलंच, “मॅम, हू इज दॅट अंकल?”

“मग? काय सांगितलंस?”

“सांगितलं, दॅट इज द स्केल.”

मी म्हटलं, ते चूक आहे. मी एकशे त्र्याहत्तर सेंटिमीटर आहे, पण उभा. बसलेला, टोपीसकट, फार तर एक्याण्णव. मुलं एकशे त्र्याहत्तर धरून चालली तर भिंत दुप्पट उंच समजतील. ही चिरायची थांबली. हे हिच्या लक्षात आलं नव्हतं, आणि लक्षात आलं नव्हतं हे हिला अजिबात आवडलं नाही. सुरी खाली ठेवून हिने फोन घेतला आणि फोटोखाली लिहिलं: मिस्टर अहो, बसलेले, ९१ सें.मी. मग मुलीला हाक मारून विचारलं की त्या गृहस्थांचा नंबर घेतला होतास ना, शनिवारी ते असतील का विचार.

“शनिवारी कशाला?” मी विचारलं.

“तुम्हाला त्याच भिंतीपाशी उभं करायचंय,” ही म्हणाली. “आणि या वेळी कुणी ‘या’ म्हटलं तरी हलायचं नाही.”